पेटीवरचे नाव आणि पेटीतली वस्तू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत गणित शिकवले. उत्तर बरोबर असले, तरी रीत पाहिल्यावाचून ते खूण करीत नसत. पुढे मी सीमाशुल्क खात्यात नोकरीस लागलो आणि माझी उमेदीची वर्षे परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रे तपासण्यात गेली. म्हणून आज मी माझ्याच व्यवसायाच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्यापुढे मांडणार आहे. प्रश्न असा, की जी वस्तू कारखान्यातही लागते आणि युद्धातही लागते, तिच्यावर पहारा ठेवायचा कसा?

बंदूक किंवा तोफगोळा ओळखणे सोपे असते. परंतु लेथ, पंप, रसायन किंवा संगणक यांच्या अंगावर त्यांचा हेतू लिहिलेला नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी १९४९ साली ‘कोकॉम’ नावाची समिती स्थापन केली. पॅरिस येथे तिचे कार्यालय होते. सोव्हिएत संघ आणि त्याच्या गोटातील देशांना कोणता माल द्यायचा नाही, याच्या याद्या तेथे एकमताने ठरत. १९८७ साली तिचे १६ सभासद देश होते. मात्र या समितीमागे कोणत्याही रीतसर तहाचे बळ नव्हते. यादी पॅरिसला ठरे, पण अंमलबजावणी प्रत्येक देशाच्या कायद्याने आणि त्या त्या देशातील कारकुनाच्या टेबलावर होई. या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिची उणीव, दोन्ही याच एका गोष्टीत होती.

१९८१ साली जपानमधील तोशिबा मशीन या कंपनीने सोव्हिएत संघाशी एक करार केला. या कंपनीचे निम्म्याहून थोडे अधिक भाग तोशिबा या विख्यात उद्योगसमूहाकडे होते. करार होता चार प्रचंड मिलिंग यंत्रांचा. नऊ अक्षांवर चालणारी ही यंत्रे जहाजांचे प्रोपेलर अत्यंत अचूक कोरू शकत. त्यांचे संगणकीय नियंत्रक नॉर्वेतील काँग्सबर्ग या सरकारी मालकीच्या कंपनीने पुरवले. १९८२ आणि १९८३ या काळात ही यंत्रे लेनिनग्राडच्या बाल्टिक गोदीत पोहोचली.

प्रोपेलरच्या पात्याचा घाट अचूक नसेल, तर पाण्यात बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि त्यांचा आवाज दूरवर जातो. या आवाजावरूनच पाणबुडीचा माग काढता येतो. पाते निर्दोष असेल, तर पाणबुडी मूक होते. त्यामुळे अशी यंत्रे कोकॉमच्या यादीत निषिद्ध होती. मग ती गेली कशी? कागदावर ती नऊ अक्षांची नव्हतीच! दोन अक्षांवर चालणारे साधे उभे लेथ म्हणून त्यांची नोंद झाली. अशा लेथला परवान्याची गरज नव्हती. पेटीवरचे नाव खोटे होते. ते नाव वाचणाऱ्याने पेटीतली वस्तू पाहिली नाही.

हे प्रकरण कोणत्याही तपासनीसाने उघडकीस आणले नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. या व्यवहारात मध्यस्थ असलेल्या वाको कोएकी या व्यापारी संस्थेत काम केलेल्या हितोरी कुमागाई यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कोकॉमला पत्र लिहून सर्व हकीकत कळवली. संस्थेशी त्यांचे बिनसले होते. तेव्हा त्यांचा हेतू निर्मळच होता, असे म्हणता येणार नाही. परंतु माहिती खरी होती. जपानच्या व्यापार मंत्रालयाने कंपनीकडे विचारणा केली, कंपनीने इन्कार केला आणि मंत्रालयाने तो मान्य केला. अमेरिकेने दबाव वाढवल्यावर १९८७ साली सत्य बाहेर आले.

त्यानंतर वादळ उठले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काही अमेरिकन लोकप्रतिनिधींनी संसद भवनासमोर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. जुलैमध्ये मूळ तोशिबा कंपनीचे अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष या दोघांनीही राजीनामे दिले. न्यायालयात मात्र निराळेच चित्र दिसले. मूळ यंत्रांच्या निर्यातीवर खटला भरण्याची मुदत उलटून गेली होती. त्यामुळे नंतर पाठवलेल्या सुट्या भागांपुरताच आरोप ठेवता आला. मार्च १९८८ मध्ये कंपनीला २० लाख येन दंड झाला आणि दोन अधिकाऱ्यांची कैदेची शिक्षा स्थगित ठेवण्यात आली. अमेरिकेने तोशिबा मशीनच्या मालावर तीन वर्षांची बंदी घातली. जपानने आपला कायदा सुधारून कैदेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. सोव्हिएत पाणबुड्या या यंत्रांमुळेच मूक झाल्या, असे तेव्हा ठामपणे सांगितले गेले. वास्तविक अधिक शांत अशा पाणबुड्या १९७० च्या दशकाच्या अखेरीसच, म्हणजे ही यंत्रे पोहोचण्यापूर्वीच, समुद्रात उतरू लागल्या होत्या. शिवाय १९८५ साली पकडल्या गेलेल्या वॉकर या अमेरिकन हेराने आपल्या नौदलाची बरीच गुपिते सोव्हिएत संघाला विकली होती. गुन्हा निर्विवाद घडला. त्याचा परिणाम किती झाला, हे मात्र वादग्रस्तच राहिले. संतापाच्या भरात या दोन गोष्टींची गल्लत होते.

या पहाऱ्याची दुसरी बाजू आपण भारतीयांनी अनुभवली आहे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला आणि आपल्यासाठी अनेक दारे बंद झाली. १९८० च्या दशकात अमेरिकेने हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे महासंगणक दिला, पण अधिक शक्तिमान संगणक नाकारला. त्यातूनच १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम’ महासंगणक सिद्ध झाला. ज्यांना वस्तू नाकारली जाते, त्यांच्या मनात अपमान राहतो आणि जिद्दही जागते, हे पहारेकऱ्याने विसरू नये.

कोकॉम १९९४ साली विसर्जित झाली आणि १९९६ पासून वासेनार व्यवस्था कार्य करू लागली. भारताने २००५ साली सर्वसंहारक अस्त्रांसंबंधी कायदा केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये आपणही वासेनारचे सभासद झालो. जे दार एकेकाळी आपल्या तोंडावर बंद होत होते, त्याची एक किल्ली आता आपल्या हाती आहे. आपल्या बेळगावच्या ओतशाळांतून आणि यंत्रशाळांतून घडलेला भाग परदेशी जातो, तेव्हा तो कोणाकडे आणि कशासाठी जातो, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आता आपलीही आहे.

अखेरीस एक कबुली देतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, एका संध्याकाळी, ‘यंत्राचे सुटे भाग’ अशी नोंद असलेल्या काही पेट्या मी न उघडता सोडल्या. जहाज सुटण्याची वेळ झाली होती, वरिष्ठ घाई करीत होते आणि कागद निर्दोष होते. त्यांत बहुधा सुटे भागच असतील. पण मी पाहिले नाही, एवढे मात्र खरे. जपानमधील त्या अज्ञात कारकुनाला दोष देताना माझी जीभ अडखळते, ती यामुळेच. कायदे कठोर करता येतात, याद्या लांबवता येतात. परंतु शेवटी एका सामान्य माणसाने पेटी उघडून पाहावी लागते. गुरुजी उत्तरावर खूण करण्यापूर्वी रीत का पाहत, हे मला या शाळेत समजले नाही. त्या धक्क्यावर समजले.