ब्राउनिंग एकबारी रायफल

एका वेळी एकच काडतूस भरता येणारी, सरकत्या ठोकळ्याची अमेरिकन रायफल. जॉन मोझेस ब्राउनिंग (1855–1926) याने ती वयाच्या तेविसाव्या वर्षी युटा टेरिटरीतील ऑग्डन येथे, वडिलांच्या छोट्या कारखान्यात घडवली. पेटंटसाठी अर्ज 12 मे 1879 रोजी झाला आणि 7 ऑक्टोबर 1879 रोजी 2,20,271 क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे वडील, बंदूक-कारागीर जोनाथन ब्राउनिंग वारले. मुलाच्या पहिल्या पेटंटचा कागद त्यांना पाहायला मिळाला नाही.

सरकता ठोकळा ही ब्राउनिंगची मूळ कल्पना नव्हे. ख्रिश्चन शार्प्सने 1848 मध्येच तिचे पेटंट घेतले होते. ब्राउनिंगचे श्रेय मांडणीत आहे. चापाभोवतीची लिव्हर खाली ओढली की पोलादी चौकटीतल्या उभ्या खाचेतून ठोकळा खाली उतरतो, त्याच्याबरोबर घोडाही खाली जातो. नळीचे मागचे तोंड पूर्ण उघडे पडते आणि रिकामे काडतूस मागे निघते. बोटाने नवे काडतूस सारायचे आणि लिव्हर मिटायची. ठोकळा वर येऊन तोंड बंद करतो, घोडा ताणलेलाच राहतो. बार उडाल्यावर मागे येणारा जोर ठोकळ्यातून थेट चौकटीच्या जाड भिंतींवर जातो. बारीक खिट्ट्यांवर भिस्त नसल्यामुळे ही रचना जबर काडतुसेही सहज पेलते.

ही साधेपणाची करामत कारखान्याच्या परिस्थितीशी जोडूनच पाहायला हवी. हाताशी भट्टी, ऐरण, कानशी आणि वडिलांचा पायाने चालवायचा लेथ एवढाच सरंजाम होता. जो भाग कानशीने घासून बसवायचा, तो मुळातच कमी असलेला बरा, हे अशा ठिकाणी काम करणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ब्राउनिंगच्या पुढच्या साऱ्या शस्त्रांत दिसणारी काटकसर इथेच अंगी मुरली, असे म्हणायला हरकत नाही.

वडिलांच्या पश्चात जॉनने भावांसह उत्पादन सुरू केले. सुमारे 600 रायफली तयार झाल्या. त्यांतली एक न्यू हेवन येथील विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली. 1883 मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः ऑग्डनला आले आणि 8,000 डॉलरना हक्क घेऊन गेले. ब्राउनिंग-विंचेस्टर संबंधांची ही सुरुवात.

विंचेस्टरने ती ‘मॉडेल 1885’ म्हणून विकली. ठोकळ्याच्या बाजूच्या भिंतींच्या उंचीवरून ‘हाय वॉल’ आणि ‘लो वॉल’ असे दोन प्रकार झाले : पहिला जोरकस काडतुसांसाठी, दुसरा हलक्या काडतुसांसाठी. नेमबाजांनी ती उचलून धरली; .22 काडतुसाच्या आवृत्तीवर अमेरिकन सैनिकांनी सरावही केला. 1920 च्या सुमारास उत्पादन थांबले, तोवर जवळपास 1,40,000 नग तयार झाले होते. 1973 मध्ये ब्राउनिंग कंपनीने ‘बी-78’ या नावाने हीच रचना पुन्हा बाजारात आणली.

संग्राहकांना मात्र ओढ असते ती पहिल्या सहाशेंची. नळीवर ‘ब्राउनिंग ब्रदर्स, ऑग्डन’ हा ठसा शोधला जातो.