मुसीचा महापूर आणि सातशे अठ्ठ्याऐंशी तलाव

जुन्या हैदराबादेत सरकारी कागदावर फसली सन असे, देवघरातील पंचांगात शालिवाहन शक असे, आणि लोकांच्या तोंडी 'तुगयानी' असे. अमक्या आत्याबाईंचा जन्म तुगयानीआधीचा, तमका वाडा तुगयानीनंतर बांधलेला, अशी भाषा आमच्या आधीच्या पिढ्यांनी वापरली. तुगयानी म्हणजे २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेला महापूर. या पुराविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात निजामाचे औदार्य, विश्वेश्वरय्यांची दूरदृष्टी आणि रुग्णालयाच्या आवारातील ते चिंचेचे झाड यांचा उल्लेख हटकून येतो. तो यावाच. परंतु आमच्या मनात बरीच वर्षे घोळत असलेला प्रश्न निराळा आहे. एवढे पाणी आले कोठून? आकाशातून, हे उत्तर निम्मेच खरे आहे.

मुसी ही काही मोठी नदी नव्हे. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात ती उगम पावते, शहराच्या वरच्या अंगाला ईसी नावाची नदी तिला मिळते, आणि पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे ती कृष्णेत विसर्जित होते. मराठवाड्यातून चाकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या आणि गोदावरीचे पात्र पाहिलेल्या आमच्या पूर्वजांना ती थोरला ओढाच वाटली असेल. उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी ही नदी एका रात्रीत शहर बुडवते याचे इंगित तिच्या पात्रात नाही. ते तिच्या पाणलोटात आहे.

अनंतगिरीच्या माथ्यावर लाव्ह्याचा काळा खडक आणि त्यावर जांभा आढळतो. महाराष्ट्रभर पसरलेल्या काळ्या कातळाचीच ही एक बाहेरची किनार. तेथून खाली उतरले की ग्रॅनाइटचे राज्य सुरू होते. हैदराबादेत वाढलेल्या कोणासही एकावर एक रचून ठेवल्यासारख्या त्या प्रचंड शिळा अपरिचित नाहीत. या खडकावर मातीचा थर पातळ असतो. पाणी मुरते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. तो साठा एकदा भरला की नंतर पडणारा पाऊस जमीन घेत नाही, उताराने धाडून देते. भूजल बेताचे आणि पाऊस चार महिन्यांचा, अशा मुलखात माणसाने जगायचे तर पाणी वरच्यावर अडवणे भाग होते. म्हणून काकतीयांच्या काळापासून तेलंगणात तलाव बांधले गेले. दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध घालायचा, एका टोकास सांडवा ठेवायचा, आणि सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या गावाच्या तलावात पोहोचेल अशी योजना करायची. अशी तलावांची साखळी दऱ्याखोऱ्यांतून खाली उतरत जाते. तेलुगूत मोठ्या तलावास चेरुवू म्हणतात आणि लहानास कुंटा. ही व्यवस्था कोणा एका राजाने आखलेली नव्हती. शतकानुशतके गावोगावी एकेक बांध पडत गेला.

१९०८ साली शहराच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल होते आणि त्यात ७८८ तलाव होते. म्हणजे साधारण प्रत्येक चौरस मैलाला एक. हा आकडा विश्वेश्वरय्यांनी पुढे नोंदवून ठेवला, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील तो सर्वांत बोलका आकडा आहे. कारण याचा अर्थ असा की मुसीचे खोरे १९०८ साली 'नैसर्गिक' राहिलेले नव्हते. पावसाचा थेंब नदीत पोहोचण्यापूर्वी त्याला तीनचार बांध ओलांडावे लागत. एरवीच्या वर्षी ही साखळी पुराचा जोर मोडत असे. जूनजुलैत वळवावर वळीव आले तरी रिकामे तलाव ते गिळत आणि नदी शांत राही.

पण सप्टेंबर संपत आलेला असताना गोष्ट वेगळी असते. पावसाळ्याच्या अखेरीस प्रत्येक तलाव काठोकाठ भरलेला असतो. भरलेला असावा म्हणून तर तो बांधलेला. जमीनही पाणी पिऊन तृप्त झालेली असते. अशा वेळी बंगालच्या उपसागरावरून वादळी आवर्तन पठारावर चढले. नवरात्र नुकतेच बसले होते आणि रमजानही सुरू झाला होता. शमशाबाद येथील पर्जन्यमापकावर २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. वरच्या एका तलावाचा सांडवा अपुरा पडला, पाणी बांधावरून वाहू लागले, मातीचा बांध घासून फुटला. त्याचे साठलेले पाणी आणि पडणारा पाऊस दोन्ही मिळून खालच्या तलावावर आले. तोही भरलेलाच होता. त्या पावसात ७८८ पैकी २२१ तलाव फुटले. जी साखळी एरवी पुराला रोखून धरीत असे तिनेच त्या दिवशी पूर वाढवला, आणि कित्येक आठवड्यांचे पाणी काही तासांत नदीत आणून ओतले. कोणी बांध निष्काळजीपणे बांधले होते असे नव्हे. प्रत्येक बांध आपापल्या गावापुरता शहाणपणाचा होता. सगळे मिळून काय करतील याचा हिशेब मात्र कोणाच्याच दप्तरी नव्हता.

शहरात जे घडले ते सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. अफजल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल गेले. १५७८ साली कुतुबशाहीत बांधलेला पुराना पूल तेवढा उभा राहिला. कोलसावाडीसारख्या नदीकाठच्या वस्त्या जवळपास पुसल्या गेल्या. मृतांचा आकडा साधारणतः १५,००० मानला जातो आणि पडलेल्या घरांचा १९,०००. अफजलगंजच्या रुग्णालयाच्या बागेतील चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. मीर महबूब अली खान यांनी आपले वाडे आणि मुदपाकखाने लोकांसाठी खुले केले. त्यांनी हिंदू रिवाजाप्रमाणे नदीची पूजा करून तिला साडी अर्पण केली अशी कथा शहरात आजही सांगितली जाते. तिच्या खरेखोटेपणापेक्षा ती दोन्ही समाजांत सारख्याच आपुलकीने सांगितली जाते, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. सरोजिनी नायडूंना 'कैसर-ए-हिंद' पदक मिळाले ते याच पुरातील सेवाकार्यासाठी. आपल्या समाजापुरते सांगायचे तर केशवराव कोरटकर प्रभृतींच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली विवेकवर्धिनी त्या वेळी नुकतीच सुरू झालेली होती.

आता विश्वेश्वरय्यांकडे वळू. त्यांचे नाव म्हैसूरशी जोडले गेले आहे, परंतु त्यांच्या विद्येची आणि अनुभवाची जडणघडण मराठी मुलखात झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंता होऊन ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांनी नोकरी केली, आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले. इलाख्याची नोकरी सोडून ते परदेश प्रवासात असताना निजाम सरकारचे बोलावणे आले. १९०९ च्या एप्रिलपासून त्यांनी खोऱ्याची पाहणी केली आणि त्याच वर्षी अहवाल दिला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की पुराचा बंदोबस्त शहरात भिंती उभारून होणार नाही, शहराच्या वर पाणी थोपवून धरूनच होईल. पुराचा सर्वोच्च विसर्ग त्यांनी सुमारे ४,२५,००० क्युसेक काढला होता. एवढे पाणी शहरातील पात्रातून सुखरूप जाणे शक्यच नव्हते. म्हणून मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन मोठे जलाशय त्यांनी सुचवले. ते उस्मानसागर आणि हिमायतसागर. पहिला १९२० साली पूर्ण झाला, दुसरा १९२७ साली. दरम्यान १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, नदीला दगडी काठ बांधले गेले, आणि व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्याप्रमाणे उच्च न्यायालय व उस्मानिया रुग्णालय या इमारती तीरावर उभ्या राहिल्या.

येथपर्यंतची कथा संकटातून शहाणपणाकडे जाणारी आहे आणि बहुतेक लेखक येथेच थांबतात. आम्हांस पुढील भाग अधिक विचारात घेण्यासारखा वाटतो.

जलाशय बांधले ते पुरासाठी. त्यांचे पाणी शहराने पिण्यासाठी घेतले. दोन्ही उपयोग चांगले, पण ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. पूर थोपवायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी आणि तहान भागवायची तर तो भरलेला हवा. हिशेब आमच्यासारख्या अभियंता नसलेल्या माणसालाही करता येतो. ८६२ चौरस मैलांवरून एक इंच पाणी वाहून आले तर ते सुमारे दोन अब्ज घनफूट भरते. उस्मानसागराची क्षमता ३.९ अब्ज घनफूट आणि हिमायतसागराची २.९७, दोन्ही मिळून सात अब्जांच्या आत. म्हणजे दोन्ही पूर्ण रिकामे असले तरी साडेतीन इंचांच्या आसपास. काठोकाठ भरलेले असतील तर १९०८ च्या पावसापुढे ते आणखी दोन मोठे तलाव, एवढेच. दरवाजे केव्हा आणि किती उघडायचे यावर सारे अवलंबून असते, आणि तो निर्णय रात्री-अपरात्री, अपुऱ्या बातमीवर घ्यावा लागतो. सेवेतील बरीच वर्षे आम्ही असे निर्णय जवळून पाहिले आहेत. घेणाऱ्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे.

दुसरा परिणाम नदीवर झाला. वरचे पाणी अडले तशी शहरातील मुसी वर्षातील बहुतेक दिवस कोरडी राहू लागली, आणि नदीच्या जागी सांडपाणी वाहू लागले. खालच्या अंगाला त्याच पाण्यावर भात आणि पॅरा गवत पिकू लागले. पुराची भीती गेली तसे पात्र रिकाम्या जमिनीसारखे दिसू लागले. इमलीबन येथे नदीच्या पात्रातील बेटावर १९९४ साली शहराचे सर्वांत मोठे बसस्थानक उभे राहिले.

तिसरा परिणाम तलावांवर. मंजिरा, कृष्णा आणि गोदावरी यांचे पाणी नळाने आले, विहिरींवर विजेचे पंप बसले, भूजल खाली गेले, आणि गावतळ्यांची गरज उरली नाही. आम्ही महसुली कामात असताना १९५४-५५ ची खासरा पहाणी पुष्कळदा चाळली आहे. तीत तलावाच्या पोटातील जमिनीस 'शिकम' म्हटलेले असते. पाणी ओसरले की त्यात पीक घ्यायचे, पाणी आले की सोडून द्यायचे, असा तिचा रिवाज. कागदावर शिकम म्हणून नोंदलेल्या क्रमांकांवर पुढे भूखंड पडले, घरे झाली, रस्ते झाले. तलाव गेला तरी खोलगट जागा जात नाही, हे पाण्याला ठाऊक असते.

दोन मोठ्या जलाशयांच्या पाणलोटाचे रक्षण व्हावे म्हणून ८ मार्च १९९६ रोजी शासनाने १११ क्रमांकाचा आदेश काढला आणि दहा किलोमीटरच्या परिसरात मोठे बांधकाम व प्रदूषण करणारे उद्योग यांना मनाई केली. ८४ गावे त्यात येत. पुढील काही वर्षांत जलाशय क्वचितच भरू लागले. २०१० नंतर हिमायतसागराचे दरवाजे उघडण्याची पाळी थेट २०२० मध्ये आली. मधल्या काळात लोक म्हणू लागले की पाणी येत नाही, शहर ते पीत नाही, मग निर्बंध कशाला? एप्रिल २०२२ मध्ये शासनाने ते उठवण्याचा निर्णय जाहीर केला. जलाशय मुळात कशासाठी बांधले होते हे त्या चर्चेत फारसे ऐकू आले नाही.

२४ ऑगस्ट २००० रोजी शहरात २४ तासांत सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस झाला. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळून जमिनीवर आलेल्या तीव्र न्यूनदाबाने पुन्हा तसाच कहर केला. वेळ तीच, पावसाळ्याच्या शेवटची. तलाव भरलेले, जमीन भिजलेली. त्या रात्री शमशाबादनजीक गगनपहाड येथील अप्पा चेरुवू फुटला आणि बंगळूरच्या हमरस्त्यावरील वाहने वाहून गेली. काही दिवसांनी बालापूरजवळ गुर्रम चेरुवू फुटला. शमशाबादच्याच पर्जन्यमापकाने १९०८ चा विक्रमी पाऊस मोजला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. फरक असा की १९०८ साली फुटलेले बांध शहराच्या बाहेर होते. आता शहरच त्या बांधांना वेढून बसले आहे, आणि तलावाचा सांडवा जेथे वाहायचा तेथे वस्ती आहे. जुलै २०२४ मध्ये तलावांवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी 'हायड्रा' नावाची यंत्रणा निघाली. तिच्या कारवाईत घरे गमावलेल्यांत अशीही कुटुंबे होती ज्यांच्याजवळ नोंदणीकृत खरेदीखत होते. खासरा पहाणी पाहून घर घेणारा माणूस आम्हांस तरी भेटलेला नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस वरच्या भागात जोराचा पाऊस झाला आणि दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले. सोडलेले पाणी १९०८ च्या मानाने अल्पच होते. तरीही मुसी काठ सोडून वर आली, इमलीबनच्या बसस्थानकात शिरली आणि प्रवाशांना रात्री दोरखंडांच्या आधाराने बाहेर काढावे लागले. तारीख सव्वीस होती. तुगयानीच्या तिथीला दोन दिवस बाकी होते. मग पाणी ओसरले, फलाटांवरचा गाळ काढला गेला, आणि बसगाड्या तेथूनच पुन्हा सुटू लागल्या.