कृत्रिम वृक्क : आद्य प्रवर्तक व त्यांची गुरुपरंपरा

वृक्क (मूत्रपिंड) निकामी झाल्यामुळे रक्तात साचणारी यूरियासारखी त्याज्य द्रव्ये व जादा पाणी अर्धपार्य पटलातून, म्हणजे केवळ लहान रेणूंनाच वाट देणाऱ्या पातळ पडद्यातून, बाहेर काढण्याच्या क्रियेस अपोहन किंवा डायलिसिस म्हणतात. त्यासाठी शरीराबाहेर वापरण्यात येणाऱ्या उपकरणास कृत्रिम वृक्क ही संज्ञा आहे. हे उपकरण कोणा एका संशोधकाची निर्मिती नव्हे. गुरूने शिष्यास दिलेली मोकळीक, सहकाऱ्याने पुरविलेली माहिती आणि मिळालेले ज्ञान पुढे देण्याची वृत्ती यांतून ते घडले. जेथे ही परंपरा निर्माण झाली नाही, तेथे संशोधनही खुंटले.

अपोहनाचे तत्त्व स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रेअम (१८०५–६९) यांनी १८६१ मध्ये मांडले. कलिल व स्फटिकाभ द्रव्यांतील भेद त्यांनी चर्मपत्रासारख्या कागदाच्या साहाय्याने दाखविला आणि मूत्रातील यूरिया अशा पटलातून वेगळा होतो हे सिद्ध केले. १९१३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल, एल्. जी. राउनट्री व बी. बी. टर्नर यांनी कुत्र्यांचे रक्त कलोडियनाच्या नळ्यांतून फिरवून ते शुद्ध करण्याचे प्रयोग केले. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांपासून मिळविलेल्या हिरुडिनावर अवलंबून राहावे लागे. ही अडचण पुढे हेपारिनामुळे दूर झाली. त्याचा शोध १९१६ मध्ये त्याच विद्यापीठात डब्ल्यू. एच्. हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लेन या विद्यार्थ्याच्या कामातून लागला. या शोधाचे श्रेय गुरूचे की शिष्याचे, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला.

मानवी रुग्णावर पहिले अपोहन गेओर्ख हास (१८८६–१९७१) यांनी १९२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे केले. त्यांनी पुढे हेपारिनही वापरले. परंतु सहकाऱ्यांचा पाठिंबा लाभला नाही आणि १९२८ च्या सुमारास त्यांनी हे काम सोडून दिले. त्यांच्यामागे ते चालविणारा शिष्यवर्गही नव्हता.

कृत्रिम वृक्क प्रत्यक्ष रुग्णसेवेत आणण्याचे श्रेय डच वैद्य विलेम योहान कोल्फ (१९११–२००९) यांच्याकडे जाते. १९३८ मध्ये ग्रोनिंगेन येथील विद्यापीठीय रुग्णालयात साहाय्यक असताना, वृक्क निकामी झालेल्या एका २२ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. रोज सुमारे २० ग्रॅम यूरिया शरीराबाहेर काढता आला असता तर तो जगला असता, या विचाराने ते संशोधनाकडे वळले. विभागप्रमुख पोलाक दानिएल्स यांनी या तरुण साहाय्यकाला स्वतःच्या कल्पनेप्रमाणे काम करण्याची मुभा दिली. जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रिंकमन यांनी सेलोफेनच्या नळीचा उपयोग त्यांना दाखवून दिला. सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी ही नळी रक्त व यूरिया यांचे मिश्रण भरून लवणजलात हलविली असता यूरिया अल्पावधीत बाहेर पडतो, असे आढळले.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदर्लंड्स पादाक्रांत केले. ज्यू असलेले पोलाक दानिएल्स व त्यांची पत्नी यांनी आत्महत्या केली. त्यांच्या जागी आलेल्या नाझीनियुक्त प्रमुखाच्या हाताखाली काम करणे कोल्फ यांना मान्य नव्हते. ते कांपेन या लहान शहरातील रुग्णालयात गेले. तेथील एनॅमल कारखान्याचे संचालक हेंड्रिक बेर्क यांच्या साहाय्याने त्यांनी फिरत्या पिंपाचे यंत्र तयार केले. लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळलेली सेलोफेनची लांब नळी लवणजलाच्या टाकीत फिरत राही. १७ मार्च १९४३ रोजी पहिल्या रुग्णावर त्याचा प्रयोग झाला. पहिल्या सोळा रुग्णांत यश जवळजवळ आलेच नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री मूत्रविषरक्ततेमुळे आलेल्या बेशुद्धीतून शुद्धीवर आली व बरी झाली. ती नाझींच्या बाजूची म्हणून कैदेत होती. ज्या राजवटीमुळे गुरूचा अंत झाला, तिच्या पाठीराख्या स्त्रीवर कोल्फ यांनी इतर कोणत्याही रुग्णाप्रमाणे उपचार केले.

कोल्फ यांनी यंत्राचे एकस्व घेतले नाही. युद्धानंतर त्यांनी लंडन, माँट्रिऑल, न्यूयॉर्क इ. ठिकाणी यंत्रे पाठविली आणि बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयास आराखडे दिले. तेथे कार्ल वॉल्टर यांनी यंत्रात सुधारणा केल्या व जॉन मेरिल यांनी वृक्करोगतज्ञांची एक पिढी घडविली. १९५२ मध्ये कोरियातील युद्धात पॉल टेशन यांनी जखमी सैनिकांसाठी हे यंत्र वापरले. पुढे यूटा विद्यापीठात कोल्फ यांनी कृत्रिम अवयवांना ते घडविणाऱ्या सहकाऱ्यांची नावे देण्याचा प्रघात ठेवला. १९८२ मध्ये रुग्णाच्या शरीरात बसविलेले ‘जार्विक–७’ हे कृत्रिम हृदय त्याचे उदाहरण होय.

प्रत्येक वेळी नवी रोहिणी व नीला उघडावी लागत असल्याने अपोहन तोपर्यंत अल्पकाळच करता येई. १९६० मध्ये सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर (१९२१–२००३) यांनी उपकरणतज्ञ वेन क्विंटन यांच्या साहाय्याने टेफ्लॉनची कायम ठेवता येणारी जोडनळी तयार केली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षे जगला. त्यातून नवा प्रश्न उभा राहिला : यंत्रे थोडी व रुग्ण अनेक असताना जगण्याची संधी कोणाला द्यावयाची? १९६२ मध्ये सिॲटल येथे ही निवड सामान्य नागरिकांच्या समितीकडे सोपविण्यात आली व तिच्यावर तीव्र टीका झाली. आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राच्या जडणघडणीत या वादाचा मोठा वाटा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत कायद्याने या उपचाराचा खर्च शासनाने उचलला. कोल्फ व स्क्रिब्नर यांना २००२ मध्ये लास्कर पारितोषिक विभागून मिळाले.

भारतात ही परंपरा चंडीगढ येथे के. एस. चुघ, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात विद्या आचार्य, मुंबईत व नंतर चेन्नईत एम. के. मणी आदी अध्यापकांनी रुजविली. जयप्रकाश नारायण यांच्यावर १९७५ पासून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मणी यांच्या देखरेखीखाली अपोहनोपचार झाले. त्यांच्या आजारामुळे हा उपचार सर्वसामान्य जनतेस परिचित झाला. तथापि त्याचा खर्च तिच्या आवाक्याबाहेरच राहिला. गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत विनामूल्य अपोहन मिळावे म्हणून २०१६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

या प्रवर्तकांच्या नावे पुरस्कार व व्याख्याने योजून त्यांचा गौरव केला जातो. परंतु पोलाक दानिएल्स यांनी साहाय्यकाला दिलेली मोकळीक आणि कोल्फ यांनी विनामूल्य वाटलेले आराखडे यांचे मोल पुरस्कारांत मावणारे नाही. सिॲटलच्या समितीपुढील प्रश्न जोवर कोठेही, कोणत्याही रूपात शिल्लक आहे, तोवर या गुरुजनांचे कार्य अपुरेच मानावे लागेल.