तारिणी : नौकेवरील दिनक्रम

भारतीय नौदलाची सुमारे १७ मीटर लांबीची शिडाची नौका. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन आणि पोर्ट लुईस येथे मुक्काम झाले.

खुल्या समुद्रातील अशा नौकेवर दिवस-रात्रीपेक्षा पाळी महत्त्वाची. कोणीतरी सतत सुकाणू, वारा आणि क्षितिज पाहत असते. बाकीच्यांची झोप तुकड्यातुकड्यांनी होते. वारा चढला की मध्यरात्रीही अंथरुणातून उठून शीड आखडावे लागते. बिछान्याच्या उघड्या कडेला कापड ताणून बांधतात, नाहीतर नौका कलताच झोपलेला माणूस खाली येतो.

सर्वांत कसोटीची जागा स्वयंपाकाची. शेगडी बिजागऱ्यांवर झुलती टांगलेली असते. नौका कलली तरी पातेले सपाट राहते. तरीही ते अर्धेच भरायचे, चिमट्यांनी जखडायचे आणि स्वतःला पट्ट्याने बांधून घेऊन डाळ ढवळायची. दक्षिण महासागराच्या थंडीत गरम भाताचा एक वाडगा पाळीवरच्या माणसाला जी उभारी देतो, तिला दुसरा पर्याय नाही. गोडे पाणी काटकसरीने वापरतात. दोर कुठे घासतो आहे का, याची तपासणी मात्र रोज होते. घासलेला दोर वेळीच दिसला नाही, तर शीडच हातचे जाते.