दरबार, आखाडा आणि लिलाव

होतकरू खेळाडूच्या अंगच्या गुणांची किंमत कोणी करावयाची आणि ती किंमत चुकली तर तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडातील मध्यमवर्गीय कुटुंबांस आज नव्याने भेडसावू लागला आहे. मुलगा परीक्षेत नापास झाला तर काय करावे हे आपल्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु मुलगा उत्तम खेळतो, जिल्ह्यात त्याचे नाव झाले आहे, आणि आता त्याने महाविद्यालय सोडून खेळालाच वाहून घ्यावे की काय, या पेचातून वाट दाखविणारे वडीलधारे मनुष्य घरात सहसा आढळत नाही. अशा वेळी इतिहासास विचारावे. इतिहास भविष्य सांगत नाही हे खरे. तथापि पूर्वी या वाटेने कोण गेले, त्यांस कोणी पोसले आणि जे मागे राहिले त्यांचे काय झाले, एवढे तो खात्रीने सांगतो.

खेळावर पोट भरणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूर, बडोदे यांसारख्या संस्थानांत मल्लांना खुराक, वेतन आणि मान मिळत असे. मात्र हा राजाश्रय म्हणजे राजाच्या मर्जीचा आश्रय होता. क्रिकेटचा खेळ इंग्रजांबरोबर आला तेव्हा त्याने या जुन्या रीतीत आणखी एक भेद आणून घातला. हौसेने खेळणारा तो ‘सद्गृहस्थ’ आणि पैसे घेऊन खेळणारा तो नुसता ‘खेळाडू’, असे दोन वर्ण खुद्द इंग्लंडात होते. या दोन वर्णांचे सामनेही होत, आणि हा भेद तेथे 1962 सालच्या हंगामानंतरच मोडला. आपल्या देशात तर या भेदावर जातिभेदाची पुटे चढली. पळवणकर बाळू हा महाराष्ट्राचा अलौकिक गोलंदाज पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा नोकर होता आणि त्याचा दरमहा पगार 4 रुपये होता. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकताच त्याचा हात तयार झाला. 1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा या गृहस्थाने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. एवढा गुणी मनुष्य, पण हिंदूंच्या संघाचे नेतृत्व मात्र त्यास कधीही लाभले नाही. गुण विकत घेता येतो, पण विकत घेणारा त्या गुणास मान देईलच असे नाही, हा इतिहासाचा पहिला धडा आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

दुसरा धडा नागपूरचा आहे. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म 1895 साली नागपुरात झाला. हिंदी संघाने 25 जून 1932 रोजी लॉर्ड्‌सच्या मैदानावर पहिला कसोटी सामना खेळण्यास आरंभ केला, तेव्हा कर्णधारपदी हेच गृहस्थ होते. परंतु त्यापूर्वीच, 1923 साली, इंदूरच्या होळकरांनी त्यांस आपल्या संस्थानात बोलावून सैन्यात अधिकारपद दिले होते. पगार सैन्याचा आणि काम मुख्यतः क्रिकेटचे, अशी ही योजना होती. याच होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरच्या मातीत उगवलेल्या वृक्षाची सावली अशा रीतीने माळव्यास लाभली. मध्यप्रांत व वऱ्हाडचा संघ 1934-35 च्या पहिल्याच रणजी हंगामात उतरला होता. 1957-58 पासून विदर्भाच्या नावाने संघ उतरू लागला. परंतु आश्रय देणारा दरबार आपल्याकडे नसल्यामुळे दीर्घकाळ या संघाच्या वाट्यास पराभवच अधिक आले.

दरबार नव्हता म्हणून वऱ्हाड स्वस्थ बसले होते काय? मुळीच नाही. 1897 साली ज्या अमरावतीस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्याच अमरावतीत 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याचा पाया घातला. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने ही संस्था पुढे सर्व देशास परिचित झाली. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, हुतूतू हे तिचे विषय होते. येथे कोणी खेळाडूची बोली लावीत नव्हते आणि कोणी त्यास जहागीरही देत नव्हते. शरीर कमावणे हे राष्ट्रकार्य आहे, या भावनेने तरुण येथे येत. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, त्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने हुतूतू आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशीयांसमोर करून दाखविली. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या आखाड्याने, कोणत्याही संस्थानिकाच्या छत्राखाली नसताना, सातासमुद्रांपलीकडे आपला मल्लखांब उभा करावा, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु आमच्या मते या आखाड्याचे खरे मोठेपण बर्लिनच्या यशात नाही. जो तरुण अजिंक्य मल्ल झाला नाही, त्याचेही या संस्थेने काही केले, यात ते आहे. व्यायामशिक्षक तयार करण्याचे काम मंडळाने हाती घेतले आणि पुढे त्यातून शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालयच उभे राहिले. येथून शिकून गेलेले शिक्षक देशभरच्या शाळांतून पसरले. म्हणजे शंभर मुले आखाड्यात उतरली आणि त्यांतील एकच मुलगा नामांकित झाला, तरी बाकीच्यांतील अनेकांना त्याच विद्येवर सन्मानाची भाकरी मिळण्याचा मार्ग होता. दरबाराने एकास पोसले. आखाड्याने मागे राहिलेल्यांचीही चिंता वाहिली. हा तिसरा धडा होय, आणि आमच्या निबंधाचा सर्व भार त्याजवरच आहे.

आता तिसऱ्या युगाकडे वळू. 2008 साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि खेळाडूंचा जाहीर लिलाव पाहण्याची सवय आपल्या डोळ्यांना लागली. 2014 साली प्रो कबड्डी लीग आली आणि आखाड्यातील हुतूतूही या बाजारात येऊन उभा राहिला. पहिल्या वर्षी कबड्डीपटूची सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजार रुपयांची होती. 2018 साली ती एक कोटीवर पोहोचली आणि 2023 साली अडीच कोटींच्याही पुढे गेली. ज्या खेळास शहरी सुशिक्षितांनी बराच काळ पोराटोरांचा खेळ म्हणून बाजूस सारले होते, त्याची ही किंमत! बाजारास नावे ठेवणे सोपे आहे. परंतु खाणकामगाराच्या घरात वाढलेला, पोलिसात शिपाई होण्याची खटपट करणारा खापरखेड्याचा उमेश यादव नोव्हेंबर 2011 मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला, हे याच काळात घडले. जुन्या दरबारात अशा मुलाचा प्रवेश किती दुर्मिळ होता, हे बाळूच्या चरित्रावरून वाचकांनी ताडून पाहावे.

विदर्भाने 2017-18 साली दिल्लीचा नऊ गड्यांनी पराभव करून रणजी करंडक प्रथमच जिंकला. साठ वर्षांच्या प्रतीक्षेनंतरचा हा विजय इंदुरास, होळकरांचेच नाव धारण करणाऱ्या मैदानावर मिळाला. काळाने नायडूंचे ऋण असे फेडले म्हणावयाचे. अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे याने आपला पहिला प्रथमश्रेणी सामना खेळला तो हाच. पुढे 2018-19 व 2024-25 मध्येही करंडक विदर्भाकडेच आला. हे यश लिलावाने दिलेले नाही. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची शिस्त, मुंबईहून आलेल्या वसीम जाफर यांच्यासारख्या अनुभवी खेळाडूचा सहवास आणि कुमार गटांपासून चाललेली दीर्घ तयारी यांचे ते फळ आहे.

होतकरूंची परीक्षा किती फसवी असते, हे आपल्याच दोन तरुणांवरून दिसून येईल. अमरावतीचा जितेश शर्मा 2016 साली 10 लाख रुपयांस मुंबईच्या संघाने घेतला, पण त्यास तेथे एकही सामना खेळावयास मिळाला नाही. पुढे 2022 साली पंजाबने 20 लाखांस घेतल्यावर त्याचा पहिला सामना झाला. 2024 च्या लिलावात बंगळुरूच्या संघाने त्याच्यासाठी 11 कोटी मोजले, आणि 2025 साली त्या संघाने अजिंक्यपद मिळविले. पहिल्या खरेदीपासून पहिल्या सामन्यापर्यंत सहा वर्षे गेली. या सहा वर्षांत मनुष्य तोच होता. फक्त पारख करणारे डोळे बदलले. तो टिकून राहिला म्हणून आपणांस त्याची कथा ठाऊक आहे. जे टिकू शकले नाहीत त्यांच्या कथा कोणी लिहीत नाही.

दुसरा तरुण अकोल्याचा अथर्व तायडे. त्याने 2017-18 च्या हंगामात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात 320 धावा केल्या. धीर हा ज्याचा मुख्य गुण, अशा फलंदाजाचे हे काम होते. पुढे मे 2023 मध्ये पंजाबकडून दिल्लीविरुद्ध खेळताना 55 धावांवर असताना, धावांची गती पुरेशी नाही म्हणून, तो बाद न होताच मैदानाबाहेर आला. त्यात त्याचा अपराध नव्हता. त्या खेळाचा हिशेबच निराळा आहे. एका बाजारात जो गुण सोन्याच्या मोलाचा, तोच दुसऱ्या बाजारात अडगळीचा ठरतो. तथापि 2025 च्या इराणी करंडकात याच तायडेने शेष भारताविरुद्ध 143 धावा करून विदर्भाच्या विजयास हातभार लावला, हेही सांगितले पाहिजे. म्हणून आपल्या मुलात गुण आहे काय, एवढेच विचारून भागत नाही. तो गुण कोणत्या बाजारात चालतो, हेही विचारावे लागते.

युरोपातील बर्फावरच्या हॉकीचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक संघांनी 1969 साली निवडीच्या यादीत प्रथमच एका युरोपियन तरुणाचे नाव घातले. 1973 साली स्वीडनचा बोरिए साल्मिंग टोरांटोच्या संघात गेला, तेव्हा हे युरोपियन नाजूक असतात, मार खाऊ शकत नाहीत, अशी त्याची हेटाळणी झाली. तो सतरा हंगाम खेळला आणि 1996 साली त्या खेळाच्या सन्माननीयांच्या मालिकेत जाऊन बसला. 1989 साली स्वीडनचाच मॅट्‌स सुंदिन हा पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला पहिला युरोपियन ठरला. आज 32 संघ सात फेऱ्यांत मिळून दरवर्षी सुमारे सव्वादोनशे तरुण निवडतात. बहुतेकांचे वय अठराच्या आसपास असते, आणि निवडले गेलेल्यांतही पुष्कळांना त्या श्रेष्ठ स्पर्धेत कायमची जागा मिळत नाही. परंतु स्वीडनात माध्यमिक शिक्षण आणि हॉकी ही एकाच शाळेत दिली जातात. त्यामुळे जो मुलगा मागे राहतो तो निरक्षर व निराधार राहत नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने तर 2001 सालापासून असा नियम केला आहे, की खेळाडू मोठ्या रकमेस दुसऱ्या संघाकडे गेला म्हणजे त्या रकमेचा पाच टक्के भाग, त्याच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या संस्थांनी त्यास घडविले, त्यांस वाटून द्यावा.

हा हिशेब आपल्याकडे मांडून पाहा. इंडियन प्रीमियर लीगमध्ये दहा संघ आहेत. प्रत्येकी फार तर 25 खेळाडू, त्यांत परदेशी आठपर्यंत. म्हणजे सर्व जागा भरल्या तर भारतीयांच्या वाट्यास जेमतेम पावणेदोनशे जागा येतात. त्यांसाठी झटणारा सारा देश, आणि त्यात विदर्भाचे अकरा जिल्हे. त्याखालची पायरी रणजीची. तेथे 2021 साली ठरलेल्या दराप्रमाणे, अंतिम संघात खेळणाऱ्यास अनुभवानुसार दिवसास 40 ते 60 हजार रुपये मिळतात. ही रक्कम चांगली आहे. पण सामन्याचे दिवस वर्षातून थोडे आणि जागा अकराच.

यावरून मुलांना खेळापासून परावृत्त करावे असा अर्थ कोणी काढू नये. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्या प्रांताने दरबार नसताना 1914 साली आखाडा उभारला, त्याने लिलावाच्या युगातही आखाड्याचा धर्म सोडू नये. मैदानावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे शिक्षण अखंड चालले पाहिजे, आणि त्यासाठी महाविद्यालयांनी परीक्षांच्या तारखांत थोडी सवड ठेवली पाहिजे. खेळणे संपल्यावर मार्गदर्शक, पंच, व्यायामशिक्षक, शरीरोपचारक होण्याचे शिक्षण त्यास याच जिल्ह्यांत मिळाले पाहिजे. अमरावतीस त्याची परंपरा आयती तयार आहे. आणि खेळाडूची बोली कोटींवर जाते, तेव्हा त्याने जेथे पहिला चेंडू टाकला किंवा पहिली पकड शिकली, त्या गावच्या संस्थेस त्यातील अल्प वाटा हक्काने मिळावा, अशी तरतूद आपल्याकडेही व्हावी.

दरबाराने गुणास मर्जीवर ठेवले. लिलाव त्यास किमतीवर ठेवतो. दोघांनाही गुणवंत हवा असतो. गुण थोडा कमी पडलेला मुलगा कोणासच नको असतो. तो मुलगा आपला असतो. त्याची व्यवस्था लावण्याचे काम राजाने केले नाही आणि बाजारही करणार नाही. ते वऱ्हाडात एके काळी दोन भावांनी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या लोकांनी आरंभिले होते. ते पुढे चालविणे आता आपल्याकडे आहे.