बोरघाटातली आगगाडी आणि पाटी वाहणाऱ्या बाया

आपल्यातल्या कितीतरी जणी रोज सकाळची लोकल पकडतात. कामशेत, वडगाव, तळेगावहून कुणी भाजीचं गाठोडं घेऊन पिंपरीच्या मंडईला जाते, कुणी डबा घेऊन आकुर्डी-चिंचवडला कामावर. चाकणच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडं कुठं आलीय रेल्वे? बरोबर आहे. इतके कारखाने उभे राहिले, पण चाकणला अजून रूळ नाहीत. आज मात्र आम्ही ज्या रुळांबद्दल बोलणार आहोत त्यांच्याशी चाकणच्या मैत्रिणींचाही संबंध आहे, तो पुढे येईलच.

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर 34 किलोमीटर, डबे 14, पाहुणे 400. ओढायला तीन इंजिनं होती आणि त्यांना नावंही दिली होती: साहिब, सुलतान आणि सिंध. 21 तोफांची सलामी झाली. ही रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत आपले नाना शंकरशेट होते, हे शाळेत शिकलेलं काही जणींना आठवत असेल.

आपल्या बाजूची गोष्ट याहून गमतीची आहे. 14 जून 1858 रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. म्हणजे चिंचवडवरून आगगाडी धावू लागली, पण ती मुंबईहून आलेली नव्हती! मुंबईकडचे रूळ 1856 मध्ये घाटाखाली खोपोलीपर्यंत येऊन थांबले होते. मध्ये बोरघाट उभा. खालचे रूळ खाली, वरचे रूळ वर. माणसं खोपोलीला उतरायची, पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायची आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायची. पाच वर्षं असं चाललं.

या कंपनीचं नाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. तिचा पैसा कसा उभा राहिला ते बचत गटातल्या बायकांनी ऐकण्यासारखं आहे. विलायतेतल्या लोकांनी शेअर घेतले आणि सरकारने त्यांना वर्षाला 5 टक्के परताव्याची हमी दिली. रेल्वेला तेवढी कमाई झाली नाही, तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्यातून भरायची. जमीनही कंपनीला फुकट. आपल्या गटाला बँक दहा कागद आणि चार सह्या मागते, तेव्हा आम्हाला या हमीची आठवण होते. सरकारला फौज हलवायची होती आणि व्यापाऱ्यांना आतल्या मुलखातला कापूस बंदरावर न्यायचा होता, म्हणून एवढी उदारी.

आता वाफेचं इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात. कुकरची शिट्टी वाफ उचलते, एवढं आपण रोज बघतो. तीच वाफ कोंडून नळीतून एका बंद पोलादी नळकांड्यात सोडली, की आतला दट्ट्या पुढे-मागे होतो. दट्ट्याला दांडा, दांड्याला चाक, आणि चाक फिरलं की गाडी चालली. एक भांडं पाण्याची वाफ झाली, की ती सोळाशे भांडी भरेल एवढी जागा मागते, आणि सगळी ताकद त्या रेट्यात आहे. यासाठी एक माणूस सतत कोळसा घालायला लागायचा आणि वाटेत ठिकठिकाणी पाणी भरावं लागायचं. चूल पेटती ठेवायची नि हंडा रिता होऊ द्यायचा नाही, असंच ते काम.

पण वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून घाटात सरळ वर जाणारा रस्ता चालणार नव्हता. जेम्स बर्कली नावाच्या इंजिनिअरने कित्येक वाटा मोजून पाहिल्या आणि अखेर सुमारे 25 किलोमीटरचा मार्ग आखला. तेवढ्यात 1831 फूट चढायचं होतं. जिथं चढ सगळ्यात कडक तिथं 37 पावलं पुढं गेलं की एक पाऊल वर, असं प्रमाण. 25 बोगदे, 8 मोठे पूल. तरीही एका ठिकाणी वळायला जागाच मिळेना. तिथं त्यांनी युक्ती केली. गाडी डोंगराच्या टोकावर जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि मग गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायची. त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत.

हे सगळं कागदावर. डोंगर फोडला तो माणसांनी. 1856 च्या जानेवारीत काम सुरू झालं. तेव्हा डायनामाइट निघालेलं नव्हतं. हातात पहार आणि घण घेऊन कातळात भोक पाडायचं, त्यात बंदुकीची दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. काही कडे इतके उभे होते, की माणसं वरून दोराने लोंबकळत भोकं पाडायची. फुटलेला दगड आणि माती उचलून टाकायला बाया आणि पोरं होती. पुरुष खणणार, बाई डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी वाहणार, ही जोडी आजही कुठल्याही रस्त्याच्या कामावर दिसते. 1861 च्या जानेवारीत या घाटात 42 हजारांहून जास्त माणसं काम करत होती. आजच्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती डोंगरात, खोपटांत, पिण्याचं पाणी जेमतेम. पावसाळ्यात घाटातलं बरंचसं काम बंद पडायचं. 1859-60 मध्ये पटकी आली आणि मजूर मोठ्या संख्येने दगावले. इंजिनिअरांची नावं पुस्तकांत आहेत. पाटीवाल्या बायांपैकी एकीचंही नाव आम्हाला वाचायला मिळालेलं नाही.

आता चाकणचा संबंध. घाटाचं कंत्राट फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडं होतं. त्याने पोटकंत्राटदार नेमले, त्यांच्याखाली मुकादम, आणि मुकादमाच्या खाली मजूर. वरून पैसा सुटला, तरी खाली येईपर्यंत तो जिरायचा. मजुरी थकत गेली आणि 1859 च्या जानेवारीत घाटात दंगा झाला. दोन महिन्यांत फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. ही साखळी आपल्या ओळखीची नाही का? कंपनी एक, ठेकेदार दुसरा, त्याचा सुपरवायझर तिसरा. पगाराची तारीख चुकली की प्रत्येकजण वरच्याकडे बोट दाखवतो. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींनी हे सोसलंय.

त्या दंग्यासारख्या तंट्यांमुळे सरकारला 1860 साली कायदा करावा लागला. रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तिथल्या तिथे मिटवायचे, असं ठरलं. ऐकायला बरं वाटतं. पण कबूल केलेलं काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात घालायची सोयही त्याच कायद्यात होती. म्हणून आम्ही बैठकीत सांगत असतो, की कायदा नुसता नावावरून ओळखू नका, त्यातली कलमं कुणाकडून तरी वाचून घ्या.

फॅव्हिएल गेल्यावर काही महिने कंपनीच्या इंजिनिअरांनी काम ओढलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेहून आला. तो आला 1859 च्या अखेरीस आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. सोबत त्याची बायको होती, ॲलिस. परका मुलूख, नवरा गेलेला, पुढ्यात अर्धा फोडलेला डोंगर आणि हजारोंची मजुरी. ती पहिल्या बोटीने परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःकडं ठेवलं. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या व्यवस्थापकांच्या हाती रोजचं काम दिलं आणि ते तडीला नेलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात नवरा असलेल्या बाईला स्वतःच्या नावावर कंत्राट करता येत नसे. तिचं सगळं नवऱ्याचं. विधवेला मात्र करता येई! ॲलिसला उगाच देवी करायचं नाही. ती मालकाच्या बाजूची होती, तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. पण एवढं मोठं काम एका बाईच्या नावावर पुरं झालं, हे आपल्या घाटाच्या इतिहासात आहे आणि ते आपल्या मुलींना ठाऊक असावं.

21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी घाटाचा मार्ग खुला केला. मुंबईहून निघालेला डबा न उतरता चिंचवडवरून पुण्याला जाऊ लागला.

घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. लोककथा अशी, की साहेबांना वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने गुरं-मेंढरांची वाट दाखवली आणि मग साहेबांनीच त्याला गोळी घातली. येणारे-जाणारे ड्रायव्हर आजही तिथं हात जोडतात, नाणं टाकतात.

1929 मध्ये कल्याण ते पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली. त्याच वेळी नवे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशनची गरज संपवली. पुढच्याच वर्षी, 1 जून 1930 ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. याच रुळांच्या आणि मुंबई रस्त्याच्या कडेने पुढे कारखाने आले. पिंपरीत सरकारी पेनिसिलिनचा कारखाना 1954 मध्ये निघाला, मग चिंचवड, भोसरी आणि शेवटी चाकण. वाफ गेली, पण घाटाचा चढ काही कमी झाला नाही. आजही मुंबईकडून येणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात आणि मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. गाडी उगाच का उभी आहे म्हणून वैतागता ना, त्याचं कारण हे.

आणि 8 मार्च 2011 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेली डेक्कन क्वीन या घाटातून उतरवली ती सातारा जिल्ह्याच्या सुरेखा यादव यांनी. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. घाटात चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, ब्रेकचा अंदाज जरा चुकला की गाडी हाताबाहेर जाते. म्हणून उतारावर जागोजागी चढाकडे वळणारे जादा रूळ टाकलेले आहेत. ब्रेक लागेनासा झालेली गाडी त्यावर घेतली, की चढावर तिचा वेग मरतो. पुढच्या वेळी खिडकीची जागा मिळाली, तर बाजूला वर जाऊन मध्येच संपणारे रूळ दिसतात का ते बघा. ते हेच.