खान्देशातील युरोपीय इतिहासाच्या पाऊलखुणा

युरोपातील किल्ले आणि राजवाडे पाहण्यासाठी परदेशवारी करणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या मोठी आहे. मात्र युरोपीयांनी भारतात घडविलेल्या इतिहासाची काही पाने जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतही विखुरलेली आहेत. त्यांपैकी आवर्जून पाहावीत अशी ही चार ठिकाणे.

धरणगाव : सतराव्या शतकात हे गाव कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये येथे वखार उघडली. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने धरणगाव लुटले. वखारही त्यातून सुटली नाही. जेम्स आऊट्रम याने १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणेही येथेच होते. ज्या भिल्लांच्या उठावांनी कंपनी सरकार जेरीस आले होते, त्यांनाच शिपाईगिरी देऊन बंडाचा बंदोबस्त करण्याचे हे धोरण होते.

थाळनेर : शिरपूर तालुक्यात तापीकाठी वसलेली ही फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. त्यांच्या कबरी आजही येथे पाहावयास मिळतात. जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहाने होळकरांचा खान्देशातील मुलूख इंग्रजांकडे गेला, परंतु थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने हल्ला केला. दरवाजापाशी झालेल्या चकमकीत इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. या फाशीवर ब्रिटिश संसदेतही टीका झाली. आज किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले आहेत.

धुळे : १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने खान्देशच्या कारभारासाठी धुळ्याची निवड केली आणि या गावाचे भाग्य पालटले. जुन्या शहरातील क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या आजही लक्ष वेधून घेतात. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ पाहिल्याशिवाय धुळ्याची भेट पूर्ण होत नाही. परकीयांनी लिहिलेल्या इतिहासाला अस्सल कागदपत्रांनी उत्तर देण्याची राजवाड्यांची जिद्द येथे जाणवते.

भुसावळ : अजिंठ्याची भित्तिचित्रे जगापुढे आणणारा मेजर रॉबर्ट गिल येथील युरोपीय दफनभूमीत विसावला आहे. १८४४ पासून त्याने वर्षानुवर्षे या चित्रांच्या प्रतिकृती रंगविल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या, तरीही त्याने काम सोडले नाही. १८७९ मध्ये त्याचे निधन झाले. अजिंठ्याला जाणाऱ्या रसिकांनी वाट थोडी वाकडी करून या कलावंताला अभिवादन करावे.

भुसावळ मोठे जंक्शन असून धरणगाव हे जळगाव-सुरत मार्गावरील स्थानक आहे. थाळनेरला शिरपूरहून रस्त्याने जाता येते. खान्देशचा उन्हाळा कडक असल्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा ठरतो.

या ठिकाणी भव्य वास्तू नाहीत. मात्र वखारीपासून सत्तेपर्यंतचा कंपनीचा प्रवास आणि त्याची येथील माणसांनी मोजलेली किंमत समजून घ्यायची असेल, तर ही वाट अवश्य चालावी. पडझड झालेल्या खुणा जपल्या नाहीत, तर पुढच्या पिढीला हा इतिहास केवळ पुस्तकांत शोधावा लागेल.